एकोणीस क्विंटलांचा लॅपटॉप

जालन्याच्या मोंढ्यात माझ्या दाजींची आडत आहे. तिथला कॉम्प्युटर सहाव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचा. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित सपोर्ट संपला, आणि विंडोज ११ला इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. दाजींनी मला दुकानात बोलावून घेतलं. इंजिनिअरिंगला असलेली भाचीही सुट्टीवर आली होती. "मामा, पप्पांना सांगा ना, मला मॅकबुकच पाहिजे."

तिचा हट्ट पोकळ नव्हता. एम४ चिपचा मॅकबुक एअर मार्च २०२५मध्ये भारतात आला तो ९९,९०० रुपयांपासून. १६ जीबी रॅम, पंख्याचा आवाज नाही, लाइट गेली तरी तासन् तास चालणारी बॅटरी. मात्र रॅम नंतर वाढवता येत नाही. पुढे लागणार असेल तर पहिल्याच दिवशी जास्तीचे पैसे मोजावे लागतात.

दाजींनी वेगळाच हिशेब मांडला. २०२५-२६चा सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये. म्हणजे या लॅपटॉपला जवळपास १९ क्विंटल सोयाबीन! पोरांच्या शिक्षणासाठी पट्टीचे पैसे घेऊन थेट लॅपटॉपच्या दुकानात जाणारे शेतकरी ते रोज बघतात. अशा घरात नुसत्या नावासाठी पैसा जाऊ नये, असं मलाही कळकळीनं वाटतं.

आडतीचा निर्णय सोपा होता. पट्ट्या, हमाली, जीएसटी, सगळं टॅलीत. आणि टॅली मुळात विंडोजवर चालते. मॅकवर ती चालवायला वेगळी सोय आणि वेगळा खर्च. म्हणून दुकानात विंडोज ११चा डेस्कटॉप आला, जोडीला यूपीएस. उद्या त्याची रॅम वाढवायची किंवा पॉवर सप्लाय बदलायचा, तर माणूस गावातच मिळतो.

जुना कॉम्प्युटर भाचीनं मागून घेतला.

हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली, पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट टाकलं. सिस्टिम फुकट, लिब्रेऑफिस फुकट, युनिकोड मराठी टायपिंगचीही सोय. सी आणि पायथनचे तिचे प्रोग्रॅम त्यावर बिनतक्रार चालू लागले. एकूण खर्च एसएसडीपुरता.

मॅकचा विषय तिनं तिसऱ्या वर्षावर टाकला आहे. आयफोनची अ‍ॅप्स बनवायचं ठरलं, तर त्यासाठी लागणारं एक्सकोड फक्त मॅकवर चालतं. तेव्हा ९९,९०० रुपयांचा विचार पुन्हा करू, असं दाजींनी तिला कबूल केलंय.