वैजापूर, पॉइंट थ्री-टू आणि मामांचं कपाट

सहा गोळ्या की आठ? छोटा बोअर की मोठा? एका थंडगार वीकएंडला शेतवस्तीवर सुटलेलं (किंवा न सुटलेलं) गणित.

'वीकएंडला कुठे?' असं विचारलं की आपल्या ऑफिसातली उत्तरं ठरलेली. लोणावळा, अलिबाग, फारच उत्साह असेल तर दिवेआगर. गेल्या डिसेंबरात मी 'वैजापूर' म्हटलं, तर शेजारच्या क्युबिकलमधून लगेच प्रश्न आला, "तिथे काय आहे?" मी म्हटलं, "मामा आहेत." पुढचं सांगितलं नाही. मामांना रिव्हॉल्व्हर घ्यायचं होतं आणि ऑनलाइन अर्ज भरायला त्यांनी 'कॉम्प्युटरवाल्या भाची'ला बोलावलं होतं.

मनमाडला गाडी मराठवाड्याकडे वळते. नगरसोल गेलं की रोटेगाव. वैजापूरचं स्टेशन हेच. पहाटे उतरलात तर धुकं, चहाची टपरी आणि कानटोपीतली माणसं. मामांची वस्ती गावापासून लांब, दोन्हीकडे कांद्याची लागण सुरू. पत्र्याचं घर, पत्र्याचाच गोठा आणि शेजारची वस्ती हाकेच्या अंतरावर. दिवसा हे सगळं डेस्कटॉपवर वॉलपेपर म्हणून लावावं इतकं सुंदर. रात्री लाइट गेली की हाकेचं अंतरही खूप वाटतं.

तालुक्यात बिबट्याच्या बातम्या अधूनमधून येतात. पण मामांची झोप उडाली होती ती शेजारच्या शिवारात रात्री चोर येऊन गेल्यापासून. घरातल्या म्हाताऱ्या बाईला मारहाण झाली होती. "आपन चौघं इथं. पोलीस यायला वेळ लागतो बाई," मामा म्हणाले. यावर मी काय बोलणार? माझ्या सोसायटीच्या गेटवर दोन वॉचमन असतात.

आजोबांची डबल बार

घरात हत्यार नव्हतं असं नाही. कपाटात आजोबांची बारा बोअरची दुनळी आहे, 'डबल बार'. हे गाव मुळात सरहद्दीवरचं. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत वैजापूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं आणि पलीकडचं येवलं, कोपरगाव मुंबई इलाख्यात. रझाकारांच्या काळात रात्री जागून काढल्याच्या गोष्टी आजोबा सांगायचे. पुढे १९५९चा शस्त्र कायदा १९६२मध्ये लागू झाला आणि त्यानंतर त्यांनी परवाना काढला. आजोबांनंतर तो रीतसर मामांच्या नावावर आला. २०२४मध्ये लोकसभा आणि विधानसभा अशा दोन्ही निवडणुकांच्या वेळी मामांची बंदूक पोलीस ठाण्यात जमा होती.

पण दुनळी लांब, जड आणि दोनच बारांची. म्हणून रिव्हॉल्व्हर. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला जास्तीत जास्त दोनच हत्यारं ठेवता येतात, आधी तीन चालायची. म्हणजे मामांसाठी हा शेवटचा चान्स. चुकीची निवड करून चालणार नव्हतं.

नाइन एमएम का नाही?

मामेभाऊ इंजिनिअरिंगला. त्याचा फंडा सिंपल: "पप्पा, घ्यायचंच तर नाइन एमएम घ्या." त्याचं ज्ञान परदेशी व्हिडिओंमधून आलेलं. आपल्याकडे ९ एमएम हा 'प्रोहिबिटेड बोअर', सामान्य माणसाला बंद. .४५ बंद, .३०३ बंद. कारण इंग्रजांच्या काळातलं: लष्कराची गोळी नागरिकांच्या बंदुकीत बसता कामा नये. गंमत म्हणजे या धोरणाने नवे बोअर जन्माला घातले. १९०७च्या सुमारास हिंदुस्थानात .४५० बोअरच्या रायफलींवर बंदी आली, तेव्हा इंग्रज बंदूकवाल्यांनी शिकाऱ्यांसाठी .४७० काढली. .३०३ नाही, म्हणून आपल्याकडे .३१५ आली. आणि हातातल्या हत्यारात परवानाधारकाच्या वाट्याला मुख्यतः .३२ उरला.

.३२ची रिव्हॉल्व्हरची गोळी १८९६ची, अमेरिकन. ताकदीत ९ एमएमच्या साधारण एक तृतीयांश. मामेभावाचा चेहरा पडला. पण हीच गोळी झटका कमी देते आणि नेम चांगला धरते, म्हणून सेंटर फायर पिस्तूलच्या स्पर्धांमध्ये आजही वापरतात. आणि बोअर लहान म्हणून माणूस लहान ठरत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४मध्ये पॅरिसला ऑलिंपिक ब्राँझ मिळवलं ते .२२च्या रायफलीवर.

दहाच्या आत

अमेरिकेत हेच कोडं उलट्या बाजूने पडलं. १९९४ ते २००४ या काळात तिथल्या केंद्रीय कायद्याने नव्या मॅगझिनमध्ये दहाच गोळ्यांची मर्यादा घातली. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत ती पुढेही राहिली. मग लोकांनी हिशेब मांडला: दहाच मिळणार तर दहा मोठ्या का नकोत? .४० आणि .४५ची चलती झाली, कंपन्यांनी दहा गोळ्यांची आटोपशीर पिस्तुलं काढली. पुढे खुद्द एफबीआय .४० सोडून ९ एमएमवर परतली, कारण मोठ्या गोळीचा झटका सांभाळताना नेम बिघडतो आणि गोळ्याही कमी मावतात.

आपल्याकडे मर्यादा मॅगझिनवर नाही, परवान्यावर. एका वेळी किती काडतुसं जवळ ठेवायची, वर्षात किती घ्यायची, याचा आकडा तिथेच छापलेला. म्हणजे सराव करायचा तर त्याच कोट्यातून. मामांना हे ऐकून हसू आलं. "म्हंजे निम्मी शिकण्यात गेली तर चोरांना काय, शेंगदाणे मारायचे?"

काउंटरवर

शनिवारी आम्ही संभाजीनगरला एका जुन्या बंदुकीच्या दुकानात गेलो. नव्या हत्याराची परवानगी नाही तोवर विक्री नाही, पण सल्ला फुकट. दुकानदार काकांनी पर्याय मांडले. रिव्हॉल्व्हर: कानपूरच्या सरकारी कारखान्याचं, सहा गोळ्या, यंत्रणा साधी. एखादी गोळी उडाली नाही तर पुन्हा घोडा दाबायचा, पुढची समोर येते. त्यातलंच हलकं मॉडेल म्हणजे 'निर्भीक', २०१४मध्ये महिलांसाठी म्हणून आलेलं, तेव्हा किंमत सव्वा लाखाच्या आसपास. पिस्तूल: आठ गोळ्यांचं मॅगझिन, चपटं, पण स्लाइड ओढायची, अडकली तर अंधारात मोकळी करायची. त्याला हात बसावा लागतो. दोन्हींना .३२ म्हणतात, पण काडतूस वेगळं. एकाचं दुसऱ्यात घालायचं नाही.

काडतुसं आपल्या पुण्याजवळच्या खडकीची. पितळेवर 'केएफ' असा शिक्का असतो, म्हणजे किरकी फॅक्टरी.

काकांनी मग असा प्रश्न विचारला की मी वहीत लिहून घेतला. "घर कशाचं आहे?" मामा म्हणाले, "पत्र्याचं." काका म्हणाले, "मग बोअर नंतर. गोळी चुकली तर पत्र्यापलीकडं कोण झोपतं, ते आधी सांगा."

पत्र्यापलीकडे मामेभाऊ झोपतो.

संध्याकाळी मी लॅपटॉप उघडला. सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला, हत्यार ठेवायची जागा, सगळं भरायचं होतं. चुलीपाशी मामी बाजरीच्या भाकरी थापत होत्या. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्या या विषयावर बोलल्या. "अहो, कुलपात ठेवलं तर टायमाला निघंल का? आन उशाखाली ठेवलं तर मला झोप लागंल का?" मामा गप्प. मी 'सेव्ह ड्राफ्ट'वर क्लिक केलं.

रात्री दोन वाजता

कुत्री भुंकायला लागली. साधी नाही, सलग. लाइट नव्हती. माझ्या पोटात गोळा आला. मामा उठले, कपाटाकडे पाहिलं, मग मोबाइल घेतला आणि शेजारच्या वस्तीवर फोन लावला. कुणी उचलेना. गोठ्याच्या कडेने कुणीतरी घोंगडी पांघरून वाकून येत होतं. मामेभावाने टॉर्च मारली, मामांनी काठी उचलली, मोठ्याने आवाज दिला.

"मी हाय मी! वासरू सुटलंय माझं!"

शेजारचे नाना. फोन घरीच राहिलेला. अंधारात तोंड दिसत नव्हतं, हातात दावं होतं आणि ते कशासारखंही दिसत होतं.

वासरू कांद्याच्या वाफ्यात सापडलं. नानांनी चहा घेतला, थंडीला शिव्या घातल्या आणि गेले. मामा बराच वेळ ओट्यावर बसून राहिले. मग म्हणाले, "सहा असत्या का आठ, पयलीच नानाला लागली असती."

अर्ज मी अजून पाठवलेला नाही. मामांनी गोठ्यावर बॅटरीचा मोठा दिवा बसवला, पाच वस्त्यांचा फोन ग्रुप केला. दुनळीच्या परवान्याचं नूतनीकरण मात्र करायला सांगितलंय. भीती गेलीय का? नाही. चोर येणारच नाहीत असं मी त्यांना छातीठोक सांगू शकत नाही, आणि पुण्यात बसून तर मुळीच नाही. ड्राफ्ट सेव्ह आहे. बोअरच्या रकान्यात .३२ भरलंय. हत्यार ठेवायच्या जागेचा रकाना रिकामा आहे.

कसं जाल?

रेल्वेने: रोटेगाव स्टेशन, मनमाड–छत्रपती संभाजीनगर मार्गावर. रस्त्याने: समृद्धी महामार्ग तालुक्यातूनच जातो, जांबरगावला उतरता येतं. काय बघाल: गोदावरीतलं सराला बेट, गंगागिरी महाराजांचं स्थान. काय खाल: बाजरीची भाकरी, ठेचा आणि ताजा कांदा. कधी: डिसेंबर–जानेवारी. वस्तीवर रात्री पोचणार असाल तर आधी फोन करा. आणि लांबूनच आवाज द्या.