दाजिबा कितव्या नंबरला होतं?

परवा पुतण्या आला होता पुण्याहून. अकरावीत आहे. एका कोरियन बँडचा नवा अल्बम नुकताच आलाय आणि तो अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या यादीत पहिला यावा म्हणून हा पठ्ठ्या लातुरात आमच्या गच्चीवर बसून लढत होता. म्हणजे काय करत होता, तर फोनवर आवाज बंद ठेवून रात्रभर तीच गाणी चालू ठेवायची. ऐकायची नाहीत, नुसती वाजवायची. त्यांचा जगभर गट आहे म्हणे, सगळे असंच करतात. मी म्हटलं, अरे, आवाज बंद करून गाणं? तर म्हणाला, "काका, नंबर महत्त्वाचा."

मग त्यानं विचारलं, तुमच्या वेळचा सगळ्यात हिट मराठी अल्बम कुठला? मी क्षणाचाही विचार न करता म्हटलं, ऐका दाजिबा. पुढचा प्रश्न तयारच होता, "मग चार्टवर कितवा होता?"

आता काय सांगणार? आपल्याकडे तसा चार्ट नव्हताच. गाण्यांना नंबर देणारे एकच माणूस आमच्या आधीच्या पिढीला ठाऊक, ते म्हणजे अमीन सायानी. १९५२ साली रेडिओ सिलोनवर त्यांची बिनाका गीतमाला सुरू झाली. रेकॉर्डचा खप आणि गावोगावच्या श्रोता संघांची पत्रं, यांवरून पायऱ्या ठरायच्या. पण तो सगळा हिंदी सिनेमाचा मामला. नंतर टीव्हीवर सुपरहिट मुकाबला वगैरे आले, तेही तसेच. देशातल्या म्युझिक कंपन्यांच्या संघटनेनं पहिला अधिकृत चार्ट काढला तो २०२१ साली, वीस गाण्यांचा, आणि तोही परदेशी गाण्यांचा! बिलबोर्डनं भारताची वेगळी यादी सुरू केली २०२२ मध्ये. तोवर दाजिबा येऊन वीसेक वर्षं उलटून गेली होती.

हे सगळं मी त्याला सांगितलं नाही. "नव्हता बाबा चार्ट," एवढंच म्हटलं. पण खरं सांगायचं तर एक चार्ट होता. नांदेडला, माझ्या मामांच्या दुकानात.

वजिराबादेत मामांचं कॅसेटचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं रस्त्यावर थांबायचं. भिंतीला छतापर्यंत कॅसेटी. मामांकडे लाल कापडाच्या बांधणीची एक लांबट वही असे. तिच्यात दोन रकाने: "मागितलं" आणि "गेलं". गिऱ्हाइकानं नुसतं विचारलं तरी पहिल्या रकान्यात एक रेघ. विकत घेतलं तर दुसऱ्यात. आठवड्याच्या शेवटी रेघा मोजून मामा पुढचा माल मागवत. एप्रिल आला की भीमगीतं, त्यात शिंदे घराणं सगळ्यात वर. भाद्रपदात गणपती. लग्नसराईत बँडवाले येऊन दहा-बारा कॅसेटी एकदम न्यायचे. मामांचं एक शास्त्र होतं. "हे बघ, गाणं आधी ऑटोत वाजतंय. मग वरातीत. मग माळेगावला. माळेगावला वाजलं की समजायचं, लागलं."

(बाहेरच्या वाचकांसाठी: माळेगाव म्हणजे लोहा तालुक्यातलं, खंडोबाची यात्रा भरते ते. नांदेड-लातूर रस्त्यावरच आहे. घोडे, गाढवं, उंट आणि लावणी, सगळं एका जागी बघायचं असेल तर जरूर जा.)

तर २००२-०३ च्या सुमाराला दाजिबा आलं. वैशाली सामंतचा आवाज, अवधूत गुप्तेचं संगीत, सागरिकाचा अल्बम. आणि मुख्य म्हणजे व्हिडिओ. इशिता अरुण नाचतेय आणि समोर मिलिंद गुणाजी! तोवर मराठी अल्बम म्हणजे भावगीतं नाहीतर भक्तिगीतं, फार तर कोळीगीतं. कॅसेटच्या वेष्टनावर गायकाचा फोटो, मागे फुलं. मराठी गाण्याला हिंदी पॉपसारखा झगमगीत व्हिडिओ असतो, आणि तो बघून पोरं दुकानात येतात, हे मामांना नवीन होतं. गाण्याचं नावही न सांगता यायची पोरं. "ते टीव्हीवरचं द्या," म्हणायची. मामा भलतेच खूश. आयुष्यभर हिंदी गाणी विकली, आता मराठी गाणं पोरं तोंडानं मागायलेत, म्हणायचे. दुकानाच्या दारावर आतल्या बाजूनं पोस्टर लावलं. बाहेरून लावलं तर कुणी काढून नेतं.

त्याच भरात त्यांनी एकरकमी माल उचलला. किती ते मला तेव्हा कळलं नाही. मामेबहीण त्या वर्षी अकरावीला आमच्याकडे लातूरला राहायला आली होती, लातूर पॅटर्नसाठी. ट्यूशनचे पैसे दिवाळीनंतर भरायचे होते. ते पैसे त्या खोक्यांत अडकले होते, हे मामी नंतर आईला बोलली.

आणि गाणं? गाणं तर तुफान चाललं. ऑटोत वाजलं, वरातीत वाजलं, गणपतीत वाजलं. त्या हिवाळ्यात मी एस.टी.नं नांदेडला निघालो होतो, माळेगावला यात्रेच्या गर्दीत गाडी तासभर अडकली. आकाशपाळण्याजवळ दाजिबा, मौत का कुआँच्या तंबूवर दाजिबा, उसाच्या रसवाल्याकडे दाजिबा, आणि प्रत्येक ठिकाणी वेगळ्या कडव्यावर. कंडक्टर डबल बेल मारायची सोडून ताल धरून बसलेला. मला वाटलं, मामांना जाऊन सांगू, लागलं!

दुकानात गेलो तर मामा वही काढून बसले होते. "मागितलं"चा रकाना रेघांनी भरून पानाबाहेर चाललेला. "गेलं"चा अर्धाही नव्हता. असं कधी झालं नव्हतं त्यांच्या वहीत. दोन रकाने थोडे मागंपुढं असायचे, पण एकमेकांना धरून असायचे. मी विचारलं, हे काय? तर म्हणाले, "येतेत, इचारतेत, एमपीथ्री हाय का म्हणतेत, जातेत."

कॅसेट चाळीसच्या आसपास, त्यात आठ-दहा गाणी. एमपीथ्रीची सीडी पंचवीस-तीस रुपयांना, त्यात दीडशे. हिशोब कुणालाही कळेल. मामांनाही कळत होता. शेजारच्या गल्लीत एकानं त्या सीड्या ठेवल्या होत्या, त्याच्याकडे रांग. मामांनी ठेवल्या नाहीत. का ठेवल्या नाहीत याचं मोठं भाषण त्यांनी कधी दिलं नाही. मामी चिडून विचारायच्या, "कामून नाही ठेवायलाव? सगळे ठेवायलेत," तर म्हणायचे, "ज्यानं गायलं त्याला काई जात नाही त्यातून." मग मामी म्हणायच्या, "आपल्याला तरी काय यायलंय?" तिथं बोलणं थांबायचं.

आता मूळ गोष्ट. वीस वर्षं मी ही कुणाला सांगितली नव्हती.

आमच्याकडे तेव्हा असेंबल केलेला कॉम्प्युटर आला होता. विनॅम्पवर ते हिरवे पट्टे नाचताना बघायचं भयंकर वेड. लातूरला बसस्टँडच्या बाहेर एका हातगाड्यावरून मी एक सीडी आणली, दीडशे गाण्यांची. मराठी-हिंदी मिक्स. मामांचं दुकान असताना, मामांची मुलगी घरात असताना. एकदाही मनात आलं नाही हो! म्हणजे मामांचं दुकान आणि ही सीडी यांचा काही संबंध आहे, असं डोक्यातच आलं नाही. मामेबहीण आणि मी रात्री अभ्यासाच्या नावाखाली ऐकायचो.

फेब्रुवारीत मामा ट्यूशनच्या पैशांचं काहीतरी करायला लातूरला आले. चहा झाला. कॉम्प्युटरच्या टेबलावर ती सीडी उघडीच पडली होती. मामांनी उचलली. बहीण माझ्याकडे बघतेय, मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. मामांनी खिशातून चष्मा काढला, वेष्टनावरची बारीक अक्षरातली यादी बोट फिरवत वाचली, सावकाश, माल तपासतात तशी. मग म्हणाले,

"दाजिबा सतराव्या नंबरला टाकलंय की. आमच्याकडं पहिल्या नंबरला हाय."

हसले. खरंच हसले. सीडी होती तशी ठेवून दिली. मग आईला म्हणाले, अक्का, पोरीचे पैसे मार्चपातूर देतो, तोवर तू बघ. आईनं बांगडी ठेवून भरले ते पैसे. मामांनी वर्षभरात फेडलेही. पण मी ती सीडी नंतर लावली की सतराव्या गाण्याआधीच बंद करायचो.

मामेबहीण पुढं इंजिनिअर झाली. तिच्या लग्नात बँडवाल्यानं दाजिबा तीनदा वाजवलं आणि मामा वरातीत फेटा सांभाळत नाचले. दुकान तोवर मोबाइल रिचार्जचं झालं होतं. आता तिथं मामेभाऊ मोबाइलची कव्हरं विकतो. न खपलेल्या कॅसेटींचं एक खोकं अजून माळ्यावर आहे. टेप वाजवायचं यंत्रच कुणाकडे नाही, त्यामुळे चोरीलाही जात नाही :)

पुतण्या झोपल्यावर (त्याचा फोन जागाच होता, आवाज बंद करून गात होता) मी मामांना फोन लावला. नव्वदीकडे चाललेत, ऐकू कमी येतं, पण फोनवर बरं येतं. इकडचं तिकडचं झालं. मग म्हटलं, "मामा, पोरगं विचारायलंय, दाजिबा कितव्या नंबरला होतं?"

"सतराव्या," मामा लगेच म्हणाले.

मला काही बोलताच येईना.

मग तेच म्हणाले, "औंदा माळेगावला येणार हाव का? आलास तर घरी ये, मामी वाट बघायलीय."