स्वालबार्डची सनद

लाँगइयरबीनच्या धक्क्यावरून सुटलेली आमची बोट इसफ्योर्डच्या करड्या पाण्यातून पश्चिमेकडे निघाली, तेव्हा मागच्या डोंगरउतारावर, ज्यांच्या आधाराने पूर्वी कोळशाच्या बादल्या खाणींतून बंदराकडे येत, ते लाकडी मनोरे अद्याप ओळीने उभे होते. त्या गावात पाहुण्याने मुक्कामाच्या दारातच जोडे काढावयाचे असतात. खाणीतली काजळी घरात येऊ नये म्हणून पडलेला हा शिरस्ता, आम्हां मराठी मंडळींना अर्थातच परका वाटला नाही.

1596 साली डच दर्यावर्दी विलेम बॅरेंट्स याच्या दृष्टीस पडलेला, पुढे देवमाशांच्या शिकाऱ्यांनी आणि खाणवाल्यांनी यथेच्छ लुटलेला स्वालबार्ड द्वीपसमूहाचा हा बेवारस मुलूख 9 फेब्रुवारी 1920 रोजी पॅरिसच्या करारनाम्याने नॉर्वेच्या पदरी पडला. सार्वभौमत्व संपूर्ण; परंतु इनामापेक्षा अटीच भारी, अशी ही सनद! मासेमारी, शिकार व खाणकाम यांत साऱ्या पक्षकार राष्ट्रांच्या प्रजाजनांना समान हक्क, येथला महसूल येथेच खर्च करण्याचे बंधन, आणि नवव्या कलमान्वये आरमारी तळ व तटबंदी यांस मनाई. म्हणूनच नॉर्वेची युद्धनौका येथे नुसती भेटीस आली, तरी मॉस्कोहून निषेधाचा खलिता येतो. हिंदुस्थानच्या वतीने या दस्तऐवजावर सही झाली ती पॅरिसमधील ब्रिटिश वकील लॉर्ड डर्बी याची. तरी पक्षकार म्हणून भारताचे नाव टिकले, आणि 2008 साली येथल्याच न्यू-ओलेसुंड गावी ‘हिमाद्री’ हे आपले संशोधन-केंद्र उघडले.

बॅरेंट्सबर्ग या रशियन वस्तीत उतरताच रशियन पाट्या, लेनिनचा अर्धपुतळा, रशियन वकिलात, सारे दिसते. अंमल मात्र नॉर्वेचा. जमिनीवरचा हा व्यवहार बिनबोभाट चालतो. तंटा आहे तो पाण्याचा. 1977 साली नॉर्वेने द्वीपसमूहाभोवती 200 सागरी मैलांचा मत्स्यसंरक्षणाचा पट्टा आखला, तो रशियाने कधीच मान्य केला नाही. 2005 साली तर ‘इलेक्ट्रॉन’ नावाचे रशियन मासेमारी जहाज, तपासणीस चढलेल्या दोघा नॉर्वेजियन निरीक्षकांना तसेच पोटात घेऊन, पाठलाग करणाऱ्या गस्तीनौकांना न जुमानता स्वदेशाच्या पाण्यात पळाले. पुढे समुद्रतळावरच्या खेकड्यांवरून एका लाटव्हियन कंपनीने दावा लावला, तेव्हा करारातील समान हक्क 12 सागरी मैलांपलीकडे पोहोचत नाहीत, असा निकाल नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2023 साली दिला. कायद्याच्या भाषेत तो चोख असेलही. पण न्यायासनही नॉर्वेचेच, हे फिर्यादी पक्ष विसरणार कसा?