लाजेपायी जीव गमावू नका
आज अकोल्याहून अमरावतीला येताना एसटीत शेजारच्या काकू म्हणाल्या, "डॉक्टरपुढं असं झोपणं माह्याच्यानं नाही होत बाप्पा!" वऱ्हाडात कपाशी वेचणाऱ्या कितीतरी जणी अशीच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी टाळतात. जीव तुटतो. धाराशिव जिल्ह्यातल्या सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही विषाणूच्या चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. आता तर या चाचणीचा नमुना आपला आपणच घेता येतो. पडद्याआड जायचं, मऊ ब्रश योनीत सरकवून हळूच फिरवायचा, नळीत ठेवायचा. जागतिक आरोग्य संघटनेलाही हे मान्य आहे. विषाणू आढळलाच, तर मात्र डॉक्टर गाठायलाच हवा. ही सोय गावच्या उपकेंद्रात यायलाच हवी. तिशी ओलांडलेल्या बायांनो, आशाताईकडे तिची मागणी करा.