वाळलेली पत्ती

ट्रंपेट आणि सॅक्सोफोन एकदम सुटतात, वेडंवाकडं वळण घेतात आणि एका ओळखीच्या गाण्यात शिरतात. शिरले न शिरले तोच कुणीतरी टाळ्या वाजवतं, ओरडतं, आणि सगळं थांबतं. मिनिटभराचाही ऐवज नाही. तारीख 26 नोव्हेंबर 1945, गाव न्यूयॉर्क, आणि सॅक्सोफोनवाला चार्ली पार्कर, वय वर्षं 25.

निपाणीच्या आमच्या घरात हा तुकडा पहिल्यांदा वाजला तेव्हा मामा पलंगावर पाय सोडून चहा पीत होते. टाळ्या ऐकून हसले. म्हणाले, "फिसकटलं. तालमीत असंच असतंय."

पुतण्याने अमेरिकेहून येताना हा आठ सीडींचा संच आणला. सॅव्हॉय आणि डायल या दोन कंपन्यांसाठी पार्करने 1944 ते 1948 या काळात स्टुडिओत जे वाजवलं ते सगळं त्यात आहे. सगळं म्हणजे अक्षरशः सगळं. बाजारात आलेली तबकडी आहे, आणि तिच्या आधी फसलेले, अर्ध्यावर सोडलेले, कुणाचा तरी सूर घसरला म्हणून टाकून दिलेले प्रयत्नही आहेत. 78च्या दहा इंची तबकडीत जेमतेम तीन मिनिटं मावत. त्या तीन मिनिटांसाठी ही माणसं तीच चाल पुन्हापुन्हा वाजवत. 'बिलीज बाउन्स' पाच वेळा आहे, आणि लोकांनी ऐकला तो पाचवा. सलग ऐकायला बसलं तर तिसऱ्या वेळी जांभई येते, हे कबूल करतो. असला संच ऐकण्यापेक्षा कपाटात शोभतो, असंच मला पहिले काही दिवस वाटत होतं.

मामांना जांभई आली नाही. ते बँडवाले. दिवसा तंबाखूच्या वखारीत तोलाईवर, आणि लग्नसराईत सॅक्सोफोन. वाद्य बेळगावच्या कॅम्पातल्या एका निवृत्त लष्करी वादकाकडून घेतलेलं. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र 1922 पासून तिथे असल्यामुळे बँडचं सामान आणि बँडची माणसं त्या भागात अधूनमधून मिळत. अॅडॉल्फ सॅक्स या बेल्जियन कारागिराने 1846 मध्ये पॅरिसला पेटंट घेतलं ते मुख्यतः पलटणींच्या बँडसाठी. तेव्हा ते वाद्य कॅम्पातून आमच्या वखारीच्या गल्लीत आलं, यात नवल काही नाही. नवल एवढंच, की दिवसभर तंबाखूची धूळ गिळणारा माणूस रात्री दोन-दोन तास वरातीपुढे फुंकत कसा असेल.

त्यांची तयारी मी लहानपणी शेजारी बसून पाहिलेली. आधी पेटीतून फडकं निघायचं, मग पितळेवर ब्रासो. एका चावीची स्प्रिंग गेलेली, तिला रबरबँड. शेवटी काडेपेटीतून पत्ती. रीडला ते पत्तीच म्हणत, सनईवाल्यांसारखं. बोरूच्या जातीच्या वेताची ती बोटभर चीप ते तोंडात धरून बसत आणि मग बोलत नसत, नुसते मानेने हो-नाही करत. पत्ती चांगली भिजली की माउथपीसवर चढवून दोन सूर काढत. चिरकली तर ब्लेडने तिचं टोक खरवडत, उजेडाकडे धरून बघत, पुन्हा तोंडात. नवी आणायची तर बेळगाव किंवा कोल्हापूर गाठावं लागे, म्हणून एकेक पत्ती अख्खा सीझन चालवायची.

म्हणूनच 'बिलीज बाउन्स'च्या सुरुवातीच्या एका प्रयत्नात पार्करचा सूर चिरकला तेव्हा मामांनी कप खाली ठेवला. "ह्येची पत्ती वाळलीया." मग जरा वेळाने, "आन् त्ये ट्रंपेटवालं पोरगं भ्यालंय."

मी संचासोबतची पुस्तिका काढली. त्या दिवशी पार्करचं वाद्य आणि त्याची रीड खरोखरच त्रास देत होती, हे त्या बैठकीच्या हकिकतींत आहे. आणि भ्यालेलं पोरगं म्हणजे 19 वर्षांचा माइल्स डेव्हिस. त्याच दिवशीच्या 'को-को'त एवढ्या वेगाला ते पुरं पडेना म्हणून ट्रंपेट डिझी गिलेस्पीने हातात घेतला. मामांना यातलं एकही नाव माहीत नव्हतं. मला सगळी नावं पाठ होती आणि कानाला काहीच लागलं नव्हतं.

सुरुवातीच्या त्या टाळ्यांचं कारणही मोठं मासलेवाईक आहे. 'को-को' उभा आहे तो 'चेरोकी' या रे नोबलच्या 1938 च्या गाण्यावर. स्वरांची चौकट त्याची, वरची चाल नवी. त्या पहिल्या प्रयत्नात वाजवण्याच्या ओघात दोघे मूळ चालीतच शिरले. तशी तबकडी निघाली असती तर मूळ गाण्याच्या मालकाला रॉयल्टी द्यावी लागली असती, म्हणून थांबवलं, असं सांगतात. हे वाचून मला आमचे अण्णासाहेब किर्लोस्कर आठवले. माणूस बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. 1880 च्या 'शाकुंतला'त त्यांनी कानडी, हिंदुस्थानी, कीर्तनी, लावणीच्या, मिळतील त्या चाली उचलल्या आणि त्यांवर मराठी पदं बसवली. मराठी नाटकाच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून मूळ गाण्याची ओळ छापायची रीत पडली ती पुढे कितीतरी वर्षं टिकली. तिकडे लपवायचं, इकडे छापायचं. आमच्या भागात उसनवारी लपवून तरी भागणार कसं? मामांचा बँड चिकोडीच्या लग्नात कानडी सिनेमातलं गाणं वाजवी, निपाणीत त्याच लयीवर मराठी, आणि मधल्या रस्त्यात 'आराधना'तलं ते मनोहारी सिंगांच्या सॅक्सोफोनचं. ते वाजवायची संधी मामा कधी सोडत नसत.

बेळगावहून मिरजेकडे जाणारी गाडी सुळेभावीला थांबते तेव्हा मी खिडकीतून उगाचच बाहेर बघतो. बघण्यासारखं तसं काही नसतं. 8 एप्रिल 1924 ला या गावात शिवपुत्र कोमकली जन्मला. सहा-सात वर्षांचं ते पोर तबकड्या ऐकून अब्दुल करीम खाँ, सवाई गंधर्व यांचं गाणं जसंच्या तसं गाऊन दाखवायचं, त्यांच्या हरकतींसकट. लोक येडे झाले, एका स्वामींनी 'कुमार गंधर्व' म्हटलं आणि तेच नाव राहिलं. तिकडे 1937 च्या उन्हाळ्यात सतरा वर्षांच्या आतला पार्कर ओझार्कच्या डोंगराळ भागात एका हॉटेलात वाजवायला गेला तो सॅक्सोफोनवाल्या लेस्टर यंगच्या तबकड्या घेऊन, आणि परतला तेव्हा त्यातले तुकडे त्याला मुखोद्गत होते. दोघांच्या वयात चार वर्षांचं अंतर. दोघेही तबकडीचे शिष्य, आणि दोघांनीही पुढे त्या पाठांतराची पार मोडतोड केली. तबकडीतल्या उस्तादाची चुकलेली जागा शिष्याला कधीच ऐकू येत नाही, ती आधीच गाळलेली असते. तरी ही पोरं शिकली. ते कसं, हे कोडं मला सुटलेलं नाही.

संचात एक तुकडा आहे, नुसत्या सोळा मात्रांएवढ्या मोकळ्या जागेतला. 28 मार्च 1946 ला 'अ नाइट इन ट्युनिशिया' वाजवताना इतर सगळे थांबतात आणि पार्कर एकटा सुटतो. तो प्रयत्न एकंदरीत बाद झाला, पण तेवढी धाव कुणाला टाकवेना, म्हणून ती वेगळी कापून ठेवली. मामांना मी ती तीनदा लावून दाखवली. तिन्ही वेळा ते काही बोलले नाहीत. चौथ्यांदा स्वतःच बटण शोधायला लागले.

मग आला 'लव्हर मॅन'. 29 जुलै 1946, लॉस एंजेलिस. पार्कर त्या दिवशी उभाही धड राहू शकत नव्हता. नशा मिळत नव्हती, दारू मात्र पोटात होती. माइकसमोर त्याला धरून उभं करावं लागलं. सुरुवात उशिरा होते, सूर येतो आणि मध्येच कुठेतरी वाहून जातो, पुन्हा सापडतो. त्याच रात्री तो राहत होता त्या हॉटेलात आग लागली, पोलीस आले, आणि पुढचे सहा महिने कॅमारिलोच्या मनोरुग्णालयात गेले. डायल कंपनीच्या रॉस रसेलने ते रेकॉर्डिंग बाजारात आणलं. पार्करने त्याबद्दल त्याला कधी माफ केलं नाही. मर्मज्ञ म्हणवणारे काही जण मात्र ते त्याच्या उत्तम वादनांत धरतात. त्यात काळीज ऐकू येतं म्हणे.

मामांनी अर्ध्यावरच हात वर केला. "बंद कर त्ये."

"का? पत्ती?"

"पत्तीचं न्हाय. आजारी माणसाचं अंग उघडं बघू ने, तसं हाय ह्ये."

मी बंद केलं. पण त्या दिवसापासून हा संच माझ्यासाठी दोन भागांत विभागला गेला. चिरकलेली रीड ऐकताना मामा खुश होते, टाळ्यांवर हसत होते. ती चूक कामातली होती, कामकऱ्याने कामकऱ्याला ओळखलं. 'लव्हर मॅन'मध्ये कामच उरलं नव्हतं. मला हा फरक पटतो, आणि तरीही रात्री एकटा असताना मी तो तुकडा लावतो. 'काळीज ऐकू येतं' म्हणणाऱ्यांवर मी वर जो टोमणा मारला, तो माझ्यावरही आहेच.

कुमारजींना 1947 च्या सुमाराला क्षय झाला. कोरड्या हवेसाठी देवासला मुक्काम, एक फुफ्फुस निकामी, आणि जवळपास पाच वर्षं गायची मनाई. खाटेवर पडून माळव्यातल्या बायकांची गाणी ऐकत राहिले आणि उठले ते निराळंच गाणं घेऊन. दम लहान झाला होता, ताना तुटक झाल्या, आणि त्या तुटकपणाचंच पुढे सौंदर्य झालं. मला नेहमी वाटतं, त्या पाच वर्षांत देवासच्या त्या खोलीत कुणी यंत्र लावून बसलं नाही ते किती बरं झालं. गाणं बंद असताना त्या गळ्यात काय चाललं होतं ते आपल्याला कधीच कळणार नाही. नाही तर आज त्याचाही आठ सीडींचा संच निघाला असता, आणि मी तो विकत घेतला असता.

गोव्याच्या वाटेवर असूनही आमच्याकडे जॅझ कधी घाट चढून आलं नाही. ते पणजीहून थेट मुंबईला गेलं. अॅल्डोनाचा चिक चॉकलेट सी. रामचंद्रांचं संगीत असलेल्या 'अलबेला'त ट्रंपेट घेऊन दिसतो. नेवऱ्याच्या ब्राझ गोन्साल्विसने सॅक्सोफोनवर रागांची वाट चोखाळली. ही सारी मंडळी वर्षानुवर्षं सिनेमाच्या स्टुडिओत बसली, दिवसाला कितीतरी वेळा तेच तुकडे वाजवत. त्यांचे फसलेले प्रयत्न कुणी ठेवले असतील?

मामांच्या बँडचे तर जमलेलेही नाहीत. बँडची जागा बेंजोने घेतली, बेंजोची डॉल्बीने. एक कॅसेट आहे, 1987 सालच्या आमच्या ताईच्या लग्नातली. मंगलाष्टकं, कर्णा, जनरेटरची धडधड, कुणाचं तरी रडणारं पोर, आणि खूप लांबून मामांचा सॅक्सोफोन. मधेच सूर चिरकतो. तेव्हाच मामांनी बजावलं होतं, एवढं पुसून टाक म्हणून.

परवा संच परत खोक्यात भरताना त्यांनी विचारलं, "त्या कॅसेटीचं काय केलंस रं?"

"पुसली की तेव्हाच."

"बरं झालं." चष्मा काढून त्यांनी तो धोतराच्या सोग्याने पुसला. "दुसऱ्या अंतऱ्याला चिरकलं हुतं. पत्ती सकाळधरनं खिशातच ऱ्हायली हुती, भिजवाय टायमच न्हाय गावला."

कॅसेट त्याच खोक्यात होती, आठव्या सीडीच्या खाली. मी झाकण लावलं.