चाकांवरच्या घरातली डिशची वायर

तुमच्या गच्चीवर डिश असेल, तर पाऊस आला की टीव्हीवर चित्राचे तुकडे कसे होतात, हे तुम्हाला सांगायला नको. आपण ढगांना बोल लावतो. पुष्कळदा ते खरंही असतं. पण कधी कधी खरी गडबड डिशपासून टीव्हीपर्यंत येणाऱ्या वायरीत असते. मला हे कळलं ते इंग्लंडमध्ये, आमच्या जुन्या कॅराव्हॅनमध्ये डिशची वायर बसवताना.

कॅराव्हॅन म्हणजे गाडीमागे जोडून ओढत न्यायची छोटी खोली. आम्ही लेस्टरला राहतो आणि सुट्टीत ती घेऊन वेल्सच्या किनाऱ्यावर जातो. तुम्ही म्हणाल, फिरायला जाऊन टीव्ही कशाला? सासूबाई गेल्यानंतर आमचे सासरे सांगलीहून तीन महिने आमच्याकडे आले होते. गुडघे दुखायचे, बोलणं कमी झालेलं. कुठेही निघालो की "तुम्ही जा, मी थांबतो घरी." पावसात दिवसभर आत बसायचं, तर संध्याकाळच्या बातम्या तरी दिसाव्यात, एवढंच त्यांचं म्हणणं. तिथे फ्रीसॅटवर महिन्याचे पैसे न भरता बीबीसी दिसतं. हवी फक्त डिश, सेट-टॉप बॉक्स आणि वायर.

मुंबईत डीडी फ्री डिशसाठी डिश जवळपास ५८ अंश वर बघते. लेस्टरहून मात्र तिथला उपग्रह आग्नेयेकडे जेमतेम २४ अंशांवर असतो. त्यामुळे एखादं झाडसुद्धा आड येतं. कॅराव्हॅन सावलीत आणि डिश मोकळ्या जागी ठेवता यावी, म्हणून आम्ही बाहेरच्या बाजूला १० मीटर वायर घेतली. त्याहून लांब घेतली नाही, कारण वायर जितकी लांब तितका सिग्नल कमी होतो.

कॅराव्हॅनमध्ये आधीपासून साध्या अँटेनाची वायर होती. ती चालली नसती. साध्या अँटेनाचा सिग्नल ७०० मेगाहर्ट्झच्या खाली असतो, तर डिशचा सिग्नल वायरीतून ९५० ते २१५० मेगाहर्ट्झवर येतो. शिवाय ती वायर मधल्या बूस्टरमधून जात होती आणि तो डिशचा सिग्नल पुढे सोडत नाही. म्हणून ७५ ओहमची, आतली तार पूर्ण तांब्याची असलेली वायर घेतली. तुमच्याकडे वायर घ्याल तेव्हा दुकानात छोटं लोहचुंबक घेऊन जा. आतल्या तारेला ते चिकटलं, तर आत पोलाद आहे आणि वर तांब्याचा नुसता मुलामा. याच वायरीतून बॉक्स डिशच्या टोकावरच्या एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट पाठवतो. लांब अंतरावर पोलादी तारेत त्यातले काही व्होल्ट वाटेतच जातात आणि काही चॅनल गायब होतात.

भिंतीला नवं भोक पाडायचं नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. भोकातून पाणी शिरलं की आतली लाकडी चौकट कुजते, आणि ती दुरुस्ती फार महागात जाते. गॅस सिलिंडरच्या कप्प्याला तर हातही लावायचा नाही. तो राहत्या जागेपासून बंदच राहिला पाहिजे. मग जुन्या वायरीच्या टोकाला नवी बांधली आणि जुनी ओढत नवी त्याच वाटेने आत घेतली.

इथे सासरे पुढे आले. टेलिफोन खात्यात त्यांनी आयुष्यभर केबलचे जोड मारलेले. मी कनेक्टर लावायला घेतला, तर म्हणाले, "सूनबाई, दे इकडे. वायर सहसा बिघडत नाही, बिघडतो तो सांधा." आधी त्यांनी बॉक्सचं बटण बंद करायला लावलं. मग वरचं आवरण सोललं, जाळीचा एकही केस मधल्या तारेला लागत नाही ना, हे चष्मा वर करून पाहिलं. तांब्याची तार कनेक्टरच्या कडेबाहेर दोनेक मिलिमीटर ठेवली. बाहेरच्या सांध्यावर आपल्यालाच घट्ट चिकटणारी रबरी टेप गुंडाळली. वायर भिंतीत शिरण्याआधी तिला खाली झोळ दिला, म्हणजे पाणी तिथूनच गळून जातं. वळणं गोलसर ठेवली, कुठेही वायर मोडली नाही.

दोन तास ते बोलत होते. मिरजेच्या एक्स्चेंजबद्दल, पावसाळ्यात भरलेल्या खड्ड्यांबद्दल, सासूबाई डबा घेऊन यायच्या त्याबद्दल. तीन महिन्यांत त्यांना इतकं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. त्या शनिवारी ते आमच्याबरोबर वेल्सला आले, आणि डिशची दिशा त्यांनीच लावली.

तुमच्याकडेही पावसाच्या आधी, कोरड्या दिवशी, डिशजवळचा सांधा एकदा बघून घ्या. टेप सुटली असेल किंवा कनेक्टर हिरवट पडला असेल, तर वायरचं टोक कापून नवा कनेक्टर लावून घ्या. फार खर्च येत नाही. आणि घरात हे काम येणारं कुणी वडीलधारं असेल, तर मेकॅनिकला फोन करण्याआधी त्यांना हाक मारा. चढायचं काम तुम्ही करा, जोड मात्र त्यांना मारू द्या.