सागावरची श्रद्धा

इलेक्ट्रिक गिटारचा आवाज तिच्या लाकडात असतो, असं मी बरीच वर्षं मानत आलो. नुसतं मानलं असतं तर एकवेळ चाललं असतं. मी ते लोकांना ऐकवायचोही. महॉगनीचा आवाज भरदार, मेपलचा लख्ख, अ‍ॅशचा खणखणीत, ही सगळी कुंडली मला तोंडपाठ होती. कुणी तयार किट मागवून, स्क्रू पिळून घरी गिटार उभी केली, की मी तोंडदेखलं कौतुक करायचो आणि मनात म्हणायचो, हे कसलं गिटार बनवणं, ही तर नुसती जुळणी. स्वतःची गिटार करायला घेतली तेव्हा पहिला आणि जवळजवळ एकमेव विचार केला तो लाकडाचा. आज मला कुणी विचारलं, तर लाकडाचं शेवटी बघा म्हणून सांगतो.

ही समजूत काही हवेतून आली नव्हती. माझं लहानपण मिरजेकडचं. सतारमेकर गल्लीतून जाता-येता वाळत ठेवलेले भोपळे, अर्धवट कोरलेल्या दांड्या आणि तबलीवर बोटानं टकटक करून कान देणारे कारागीर दिसायचे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण गल्लीतल्या पोरांना त्यांचं मोल त्याआधीही कुणी सांगायला लागत नव्हतं. त्या वाद्यांत लाकूड खरोखरच बोलतं. तार छेडली की कंप घोडीतून तबलीत उतरतो, तबली आणि भोपळा मिळून हवा हलवतात आणि ती हवा कानापर्यंत येते. तबली जाड राहिली तर वाद्य कोंडल्यासारखं वाजतं. मी हाच न्याय गिटारलाही लावून टाकला. तारा आहेत, लाकूड आहे, मग आणखी काय हवं?

तर साग. पुण्यातल्या टिंबर मार्केटमध्ये पाडलेल्या वाड्याच्या तुळईचा एक तुकडा मिळाला. ज्यांच्याकडे तो फाडून घेतला ते सुतारमामा म्हणाले, “एवढ्यात दोन चौरंग निघतील की हो.” मी हसलो. त्यांना काय कळणार, असंही वाटलं असावं.

सागाचं काम सावकाश होतं. त्यात सिलिका असते, त्यामुळे राउटरच्या पात्याची धार बघता बघता उतरते. बॉडीचा आकार निघेपर्यंत तयार नेक, ब्रिज आणि पिकअप घरी येऊन पडले होते. नेकवरची पट्टी भारतीय शिसवीची. आपल्याकडचं हे झाड जगभरच्या गिटारांच्या पट्ट्यांवर गेलेलं आहे, आणि मी ते नेकसकट परत विकत घेत होतो. असो. धीर धरवेना, म्हणून मशिनच्या खोक्यातल्या पाइनच्या फळ्या चिकटवून एक ओबडधोबड ठोकळा केला आणि त्यावर सगळं बसवलं. उद्देश एवढाच की वायरिंग तपासून घ्यावं.

तो ठोकळा चांगला वाजला. मला ते आवडलं नाही.

पुढे सागाची बॉडी तयार झाल्यावर तोच नेक, तेच पिकअप, त्याच जाडीच्या नव्या तारा तिच्यावर चढवल्या. पिकअपचं ब्रिजपासूनचं अंतर आणि तारांपासूनची उंची मोजून तीच ठेवली. दोन्हींवर तेच सूर वाजवून ध्वनिमुद्रित केले आणि मुलीला सांगितलं, नाव न सांगता उलटसुलट क्रमानं ऐकव. मला साग ओळखता आला नाही. आधी मी ज्याला साग म्हणालो ते खोकं निघालं, मग सागाला खोकं म्हणालो. हा काही प्रयोगशाळेतला पुरावा नव्हे. एक माणूस, एक जोडी कान, घरातला छोटा अ‍ॅम्प. पण इतकी वर्षं ज्या फरकावर मी तावातावानं बोलत होतो, तो मला तरी ऐकू यायला हवा होता.

आणि ज्यांना मी किरकोळ समजत होतो, त्या गोष्टी मात्र लगेच ऐकू आल्या. पिकअप नेककडे थोडं सरकवलं की आवाज गोल होतो, ब्रिजकडे नेलं की धारदार. स्ट्रॅटोकास्टर गिटारचं नेकजवळचं पिकअप साधारण तारेच्या चतुर्थांशावर, म्हणजे चोविसावा फ्रेट जिथे आला असता तिथे असतं. मोकळ्या तारेच्या चौथ्या हार्मोनिकची तिथे हालचालच नसते, त्यामुळे तो पिकअपला जवळपास कळतच नाही. व्हॉल्यूमचा पॉट २५० किलोओहमचा काढून ५०० चा घातला, तर वरचे सूर मोकळे होतात. चार स्क्रू आणि एक सोल्डरचा टाका, एवढ्यात आवाज बदलतो.

कारण साधं आहे, आणि शाळेत शिकलेलं. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज तयार होते. या सगळ्यात हवेला जागाच नाही. सतारीत जे काम तबली करते, ते इथे अ‍ॅम्प करतो.

हे इतिहासातही उघड लिहिलेलं होतं, मीच सोयीनं वाचत होतो. बाजारात टिकलेली पहिली इलेक्ट्रिक गिटार, रिकनबॅकरची ‘फ्राइंग पॅन’, १९३० च्या दशकाच्या सुरुवातीची, ओतीव अ‍ॅल्युमिनियमची होती. डॅनइलेक्ट्रोनं पन्नासच्या दशकात हार्डबोर्डच्या गिटार विकल्या, आणि तसली एक गिटारवादक जिमी पेजच्या हातात गेली. स्ट्रॅटोकास्टर काढणारा लिओ फेंडर तर रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला गिटार वाजवताही येत नसे. त्यानं नेक स्क्रूनं बसवला, म्हणजे बिघडला तर बदलता यावा. मी ज्याला जुळणी म्हणून नाक मुरडत होतो, तीच त्याची कल्पना होती.

घरी गिटार बनवणाऱ्यांचं दैवत ब्रायन मे. क्वीनचा गिटारवादक, त्याच बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेतला, हे मराठी माणसाला एकदा तरी सांगावंसं वाटतंच. १९६३ मध्ये, शाळकरी वयात, ब्रायननं वडिलांबरोबर घरी गिटार करायला घेतली. जुन्या शेकोटीच्या चौकटीची महॉगनी वापरली, लाकूडकिड्यांची भोकं आगकाड्यांनी बुजवली, ही गोष्ट मी कितीदा सांगितली असेल. पण ती महॉगनी नेकची आहे. बॉडी मुख्यतः ब्लॉकबोर्डची, वर महॉगनीचा पापुद्रा. ब्लॉकबोर्ड! आपल्याकडे ज्याची कपाटं होतात तो. हे मी वाचलेलं होतं, पण सांगताना गाळायचो. त्या बापलेकांची अक्कल दिसते ती दुसरीकडे: सुरीच्या धारेसारख्या पोलादी पट्टीवर तोललेला ट्रेमोलो, त्याला मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा, प्रत्येक पिकअपला वेगळं बटण.

मग लाकडाचं काहीच काम नाही का? आहे, पण उलट्या दिशेचं. सतारीत लाकूड आवाज देतं. इथे ते फार तर घेतं. नेक एखाद्या विशिष्ट सुराला स्वतःच थरथरू लागला, तर त्या फ्रेटवर तारेची ताकद खातो आणि सूर लवकर विझतो. गिटारवाले त्याला डेड स्पॉट म्हणतात. शिवाय पावसाळ्यात नेक हलतो, वजन खांद्यावर येतं, बॉडी हलकी पडली तर नेक खाली झुकतो. हे सगळं महत्त्वाचंच आहे. फक्त ज्यासाठी मी तुळई आणली होती, ते हे नव्हे.

मिरजेला गेलो तेव्हा ओळखीच्या एका चाचांना हे सांगितलं. मला वाटलं, लाकडाची बदनामी त्यांना झोंबेल. ते घोडीच्या माथ्यावर कानस फिरवत होते, जवारी लावत होते. एक हात कानशीवर, कान तारेवर. म्हणाले, “लाकूड बघायला सगळे येतात, बाळ. जवारी बघायला कोण बसतंय?”

बसायला पाहिजे होतं. लहानपणी तासन्‌तास त्या गल्लीत घालवले, पण नजर कायम भोपळ्यावर. माझ्या गिटारचं खरं काम शेवटी तशाच जागी निघालं. फ्रेट एका पातळीत आणणं, मग प्रत्येकाला पुन्हा गोलाई देणं. ६४८ मिलिमीटरच्या तारेवर पहिला फ्रेट नटपासून, म्हणजे नेकच्या टोकाशी तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीपासून, ३६.४ मिलिमीटरवर येतो. बाविसाव्याशी दोन फ्रेटमधलं अंतर जेमतेम ११ मिलिमीटर उरतं, तिथे अर्धा मिलिमीटर चुकला तरी सूर खटकतो. तयार नेकमध्ये ती मापं दुसऱ्या कुणीतरी सांभाळलेली असतात, आणि मी त्याला फसवणूक समजत होतो. नटच्या खाचा तर कागदभर जास्त खोल गेल्या की मोकळी तार करकरते, कमी राहिल्या की पहिल्या फ्रेटवरचा सूर चढतो. तिथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, आणि तो भाग कुणाच्याही नजरेत भरत नाही.

एक कबूल करतो. सागाची गिटार जड आहे, पण देखणी आहे, आणि कुणी हातात घेतली की मी अजून सांगतो, ही वाड्याच्या तुळईची. समोरचा माणूस लगेच म्हणतो, तरीच आवाज असा आहे. पूर्वी मी मान डोलवायचो. आता गप्प राहतो, कारण आवाज चांगला आहे हे खरं, आणि त्याचं कारण सांगत बसलो तर चहा गार होतो. माझा एक मित्र तर माझ्या सगळ्या प्रयोगावर म्हणतो की तुझे कानच साग ऐकण्याइतके तयार नाहीत. शक्य आहे.

दुसऱ्या गिटारची यादी करतोय. त्यात लाकूड तळाशी आहे, फक्त एका अटीवर: हलकं हवं. सगळ्यात वर फ्रेट लेव्हल करायची सरळ पोलादी पट्टी आणि नटच्या खाचा करायच्या कानशींचा संच. त्या संचाची किंमत विचारली. तुळई स्वस्त पडली होती.